स्वतःच्या मालमत्तेचे व्यवहार आणि स्थावर संपदा अभिकर्ता नोंदणी

घर, भूखंड किंवा शेतजमीन यांच्या मालकाने दलालाची मदत न घेता केलेल्या खरेदी-विक्रीसाठी भारतात कोणताही परवाना किंवा नोंदणी लागत नाही. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ या कायद्याने (प्रचलित नाव : रेरा) अभिकर्त्यांची, म्हणजे बोलीभाषेतील एजंटांची किंवा दलालांची नोंदणी सुरू केली. ही नोंदणी मात्र दुसऱ्याच्या वतीने मोबदला घेऊन व्यवहार जुळवणाऱ्यासाठी आहे. महाराष्ट्रात ती महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे (महारेरा) केली जाते.

स्वतःची जमीन विकायची किंवा दोन-चार भूखंड घ्यायचे म्हणून आधी एजंटाचे लायसन काढावे, असा विचार पुष्कळदा केला जातो. बीड जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान भागात या नोंदणीचा उपयोग बराच मर्यादित राहतो, कारण तेथील बहुसंख्य व्यवहार शेतजमिनीचे असतात आणि ते रेराच्या कक्षेबाहेर आहेत. तेथे मालकाची अडचण होते ती जमिनीचा धारणाप्रकार, निजामकालीन नोंदी, कुळकायदा आणि तुकडेबंदी यांमुळे. या बाबतीत अभिकर्त्याचे प्रमाणपत्र कोणतेही संरक्षण देत नाही.

कायद्यातील व्याख्या

रेरा अधिनियमाच्या कलम २ मध्ये अभिकर्त्याची व्याख्या आहे. एका व्यक्तीचा भूखंड, सदनिका किंवा इमारत दुसऱ्या व्यक्तीस हस्तांतरित करण्याच्या व्यवहारात जो कोणाच्या तरी वतीने बोलणी करतो आणि त्याबद्दल कमिशन, शुल्क किंवा अन्य मोबदला घेतो, तो अभिकर्ता. खरेदीदार व विक्रेता यांची कोणत्याही माध्यमातून गाठ घालून देणाराही यात येतो. त्यास दलाल, मध्यस्थ किंवा अन्य काहीही म्हटले तरी फरक पडत नाही. दुसऱ्याचे काम आणि त्याचा मोबदला या दोन्ही गोष्टी व्याख्येच्या मुळाशी आहेत. स्वतःचे घर विकणाऱ्या मालकाच्या बाबतीत त्यांपैकी एकही नसते.

कलम ९ ही कक्षा आणखी आवळते. नोंदणीची सक्ती नियोजन क्षेत्रातील, कलम ३ खाली नोंदवलेल्या आणि प्रवर्तक विकत असलेल्या प्रकल्पातील भूखंड किंवा सदनिकांच्या व्यवहारांपुरती आहे. जुन्या घराची पुनर्विक्री किंवा एकरभर जिरायत रानाचा सौदा यांत मध्यस्थी करणाऱ्यास हे कलम थेट लागू होत नाही. गावोगावी जमिनीचे सौदे जमवणाऱ्यांपैकी अनेकांकडे महारेराचा क्रमांक नसतो, याचे एक कारण हेच आहे. मात्र तोच मध्यस्थ नोंदणीकृत प्रकल्पातील भूखंड विकू लागला, तर त्यास नोंदणी अनिवार्य ठरते. तसे न केल्यास कलम ६२ नुसार प्रतिदिन १०,००० रुपये दंड होऊ शकतो आणि तो वाढत जाऊन संबंधित मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत पोहोचू शकतो.

कायद्यात ‘परवाना’ हा शब्द नाही, ‘नोंदणी’ हा आहे. दैनंदिन बोलण्यात दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात.

पार्श्वभूमी

२०१६ पूर्वी महाराष्ट्रात मालमत्तेच्या दलालांवर स्वतंत्र नियंत्रण नव्हते. सदनिकांच्या विक्रीला महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम, १९६३ (मोफा) लागू होता. परंतु त्याचा रोख विकासकावर होता. राज्याने २०१२ मध्ये स्वतःचा गृहनिर्माण नियमन कायदा संमत केला होता. केंद्राच्या रेरा अधिनियमाच्या कलम ९२ ने तो रद्द झाला. रेराचे विधेयक मार्च २०१६ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांत संमत झाले आणि कायद्यातील काही कलमे १ मे २०१६ पासून, तर उर्वरित १ मे २०१७ पासून अमलात आली. महारेराची स्थापना मार्च २०१७ मध्ये झाली. गौतम चॅटर्जी हे तिचे पहिले अध्यक्ष होते.

नोंदणीची पद्धत

अर्ज महारेराच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करावा लागतो. व्यक्तीसाठी शुल्क १०,००० रुपये, तर कंपनी, भागीदारी संस्था इत्यादींसाठी १,००,००० रुपये असे २०१७ च्या नियमांत ठरवण्यात आले. नोंदणी पाच वर्षे टिकते, त्यानंतर नूतनीकरण करावे लागते. अर्जासोबत पॅन, छायाचित्र, व्यवसायाच्या जागेचा पुरावा आणि मागील तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे द्यावी लागतात. वापरण्यात येणारे लेटरहेड, रबरी शिक्के आणि पावत्या यांच्या प्रतीही नियमांनी मागितल्या आहेत. अभिकर्त्याच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात ‘ए’ या रोमन अक्षराने, तर प्रकल्पाच्या क्रमांकाची ‘पी’ने होते. त्यामुळे एखाद्या जाहिरातीतील क्रमांक कोणाचा आहे हे लगेच कळते.

१० जानेवारी २०२३ च्या आदेशाने महारेराने प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. पहिली परीक्षा २० मे २०२३ रोजी झाली. मुदतवाढीनंतर १ जानेवारी २०२४ पासून सक्षमता प्रमाणपत्राशिवाय नवी नोंदणी किंवा नूतनीकरण बंद झाले. आधी नोंदणी केलेल्यांनाही ही अट लागू असल्याने २०२४ मध्ये सुमारे २०,००० अभिकर्त्यांची नोंदणी स्थगित करण्यात आली.

नोंदणीधारकावर कलम १० ची बंधने येतात. नोंदणी न झालेल्या प्रकल्पातील विक्रीस त्याने साहाय्य करता कामा नये, हिशेबाच्या वह्या ठेवाव्यात, खोटी आश्वासने देऊ नयेत आणि खरेदीदारास मिळावयाची सर्व कागदपत्रे मिळवून द्यावीत. त्याच्याविरुद्ध महारेराकडे तक्रार करता येते. दलालीचा दर मात्र कायद्याने ठरवलेला नाही, तो पक्षांमधील कराराचा भाग आहे. दलालीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असल्यास त्यास या कराची नोंदणी करावी लागत नाही.

नोंदणीधारकाचे स्वतःचे व्यवहार

नोंदणी असलेल्या व्यक्तीने स्वतःसाठी मालमत्ता घेण्यास किंवा विकण्यास कायद्यात मनाई नाही. तथापि असा व्यवहार करताना ती सामान्य मालकापेक्षा अधिक बांधील असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २१५ नुसार, अभिकर्त्याने मालकाची संमती न घेता आणि त्यास सर्व महत्त्वाच्या बाबी न सांगता मालकाच्याच कामात स्वतःसाठी व्यवहार केला, तर मालक तो व्यवहार नाकारू शकतो. त्यासाठी अभिकर्त्याने एखादी महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे लपवल्याचे किंवा व्यवहार मालकाच्या तोट्याचा ठरल्याचे दिसावे लागते. कलम २१६ पुढे असे सांगते की, मालकाच्या नकळत अभिकर्त्याने स्वतःसाठी व्यवहार केला असल्यास त्यातून झालेला लाभ मालकास मागता येतो.

उदाहरणार्थ, एखाद्या शेतकऱ्याने गिऱ्हाईक पाहण्यास सांगितलेली रस्त्यालगतची जमीन एजंटाने मेव्हण्याच्या नावे स्वस्तात घेतली आणि रस्त्याच्या रुंदीकरणाची माहिती दडवली, तर ‘सौदा राजीखुशीने झाला’ एवढे उत्तर पुरत नाही. अन्य खरेदीदारावर असे विश्वासाचे दायित्व नसते. दलाली वाचवण्याच्या हेतूने नोंदणी घेणाऱ्याने ही बाजू विचारात घेणे आवश्यक ठरते.

मालक प्रवर्तक केव्हा ठरतो

स्वतःची जमीन स्वतःच विकणाऱ्यास अभिकर्ता म्हणून नोंदणी लागत नाही, पण काही प्रसंगी प्रकल्पाची नोंदणी लागते. जमिनीचे भूखंड पाडून ते सर्व किंवा त्यांपैकी काही इतरांना विकण्यासाठी जो जमीन विकसित करतो, तो रेराच्या व्याख्येनुसार प्रवर्तक असतो. त्याने भूखंडावर बांधकाम केले नसले तरी हे लागू होते. नियोजन क्षेत्रात अशा प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करणे, आगाऊ नोंदणी घेणे किंवा विक्री करणे निषिद्ध आहे. कलम ३ मधील सूट ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला किंवा आठपर्यंत सदनिकांच्या बांधकामाला मिळते.

एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा असतो, म्हणजे ही सूट पाच गुंठ्यांच्या आतच संपते. शहरालगतचे अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे रान प्लॉटिंगला काढणारा शेतकरी सुमारे २,०२० चौरस मीटरचा प्रकल्प उभा करत असतो. ‘जमीन बापजाद्यांची आहे, कोणाला विकायची ते मी ठरवीन’ ही समजूत येथे लागू पडत नाही. प्रकल्पाची नोंदणी न केल्यास कलम ५९ नुसार अंदाजित प्रकल्पखर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि आदेशानंतरही उल्लंघन चालू ठेवल्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. नोंदणी झाल्यावर खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते, तसेच नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही.

बीड जिल्ह्यातील जमिनींचे स्वरूप

बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. बीड, गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, केज, अंबाजोगाई, परळी, पाटोदा, शिरूर कासार आणि आष्टी हे त्याचे अकरा तालुके आहेत. या इतिहासामुळे पुणे किंवा नाशिकच्या अनुभवावर लिहिलेली मार्गदर्शक पुस्तके येथे अर्धीच उपयोगी पडतात.

पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा कुळकायदा लागू आहे; मराठवाड्यात मात्र हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू होतो. दोन्ही कायद्यांत शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीशिवाय शेतजमीन विकण्यावर निर्बंध आहे. त्यामुळे शेतजमीन घेणाऱ्याने शेतकरी असल्याचा पुरावा देणे व्यवहाराचा पहिला टप्पा ठरतो. कुळास मालकी मिळालेल्या जमिनीच्या विक्रीस हैदराबाद अधिनियमाच्या कलम ५० ब प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागत असे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळाने जमीन खरेदी केल्यास दहा वर्षे झाली असल्यास, जमीन महसुलाच्या ४० पट नजराणा भरून आणि अन्य अटी पाळून परवानगीशिवाय विक्री करता येते.

सातबारा उताऱ्यावर भोगवटादार वर्ग १ किंवा वर्ग २ अशी नोंद असते. वर्ग १ ची जमीन सामान्यतः मुक्तपणे विकता येते, तर वर्ग २ च्या जमिनीवर शासनाच्या अटी असतात आणि सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. बीडमध्ये या दुसऱ्या प्रकाराला इनाम जमिनींमुळे विशेष महत्त्व आहे. हैदराबाद इनामे व रोख अनुदाने नाहीशी करण्याबाबतचा अधिनियम, १९५४ आल्यानंतरही देवस्थान, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनींचा, म्हणजे खिदमतमाश जमिनींचा प्रश्न वेगळा राहिला. अशी जमीन कसणारे पुजारी किंवा सेवेकरी पिढ्यान् पिढ्या ताब्यात असले, तरी मालकी संस्थेची असते. वक्फ म्हणून नोंद असलेल्या जमिनीची विक्री वक्फ अधिनियम, १९९५ नुसार करता येत नाही. मदतमाश जमीन व्यक्तीच्या निर्वाहासाठी दिलेली असल्याने तिचे नियम निराळे आहेत. या दोहोंची गल्लत हे मराठवाड्यातील अनेक दाव्यांचे मूळ आहे. गायरान जमीन शासनाची असते. अतिक्रमणदाराने स्टॅम्प पेपरवर ती ‘विकली’ तरी मालकी हस्तांतरित होत नाही.

जुना हक्क तपासताना केवळ संगणकीकृत सातबारा पुरत नाही. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक हा मूळ नोंदीचा महत्त्वाचा आधार मानला जातो. त्यापासून आजपर्यंतचे सर्व फेरफार क्रमाने जुळवून पाहावे लागतात. इनाम जमीन असल्यास मुंतखब, म्हणजे अतियात चौकशीतील वारसाहक्काचा दाखला तपासावा लागतो. निजामकाळातील काही कागद उर्दू किंवा फारसीत असल्याने त्यांचे भाषांतर करून घेणे अपरिहार्य ठरते. नोंदणीकृत अभिकर्त्यानेही हे काम टाळले असेल, तर त्याचा महारेरा क्रमांक खरेदीदाराच्या कामी येत नाही.

तुकडेबंदी हा आणखी एक अडथळा आहे. १९४७ च्या कायद्यानुसार ठरवलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचे १० गुंठे करण्यात आले. त्याआधी गुंठा-दोन गुंठ्यांचे झालेले व्यवहार नियमित करण्यासाठी २०१७ मध्ये बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरण्याची तरतूद झाली आणि पुढे हा दर ५ टक्क्यांवर आणण्यात आला. या विषयावरील नियम वरचेवर बदलले असल्याने व्यवहाराच्या दिवशी लागू असलेली अधिसूचना पाहणे महत्त्वाचे असते.

नातेवाइकांच्या वतीने व्यवहार

बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीसाठी दरवर्षी मोठ्या संख्येने कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात आणि हंगामाचे अनेक महिने गावाबाहेर असतात. पुणे-मुंबईत किंवा परदेशात स्थायिक झालेल्यांच्या जमिनीही गावाकडे असतात. त्यामुळे भाऊ, चुलता किंवा मेव्हणा यांच्यामार्फत व्यवहार करण्याची पद्धत रूढ आहे. मोबदला न घेता केलेले असे काम अभिकर्त्याच्या व्याख्येत बसत नाही. मात्र त्यासाठी मुखत्यारपत्र लागते. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३३ मध्ये दस्त सादर करण्यासाठीचे मुखत्यारपत्र कोणासमोर करावे हे सांगितले आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार जवळच्या नातेवाइकास मोबदल्याविना दिलेल्या मुखत्यारपत्रावर नाममात्र मुद्रांक पुरतो, तर मोबदला घेऊन विक्रीचे अधिकार दिल्यास खरेदीखताइतके शुल्क आकारले जाते.

मुखत्यारपत्रालाच खरेदीखत समजून पैसे देण्याची प्रथा धोक्याची आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात स्पष्ट केले की, साठेखत, मुखत्यारपत्र व मृत्युपत्र यांच्या एकत्रित व्यवहाराने स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते.

वडिलोपार्जित जमिनीत सर्व हिस्सेदारांच्या सह्या आहेत की नाही, हाही प्रश्न नातेसंबंधातूनच येतो. हिंदू उत्तराधिकार (सुधारणा) अधिनियम, २००५ नंतर मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. बहिणींची नोंद सातबाऱ्यावर नाही म्हणून त्यांचा हक्क संपत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्राविना, केवळ तोंडी संमतीवर झालेली विक्री पुढे वाटणीच्या दाव्यात अडकते, आणि हा दावा खरेदीदाराच्या दारातही पोहोचतो.

मालकाने स्वतः करावयाचा दस्त

खरेदीखत करण्यासाठी एजंटाची किंवा वकिलाची उपस्थिती कायद्याने बंधनकारक नाही. प्रथम वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून (रेडी रेकनर) मालमत्तेचे मूल्य काढले जाते. हे मूल्य आणि ठरलेली किंमत यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्यावर मुद्रांक शुल्क आकारले जाते. नोंदणी शुल्क १ टक्का असून त्याची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आहे. १ एप्रिल २०२१ पासून महिलेच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते.

दस्तात गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा, विहीर-बोअरमधील हिस्सा आणि वहिवाटीची वाट यांचा उल्लेख असावा लागतो. मराठवाड्यातील बांधावरच्या भांडणांत वाटेचा व पाण्याचा वाटा एवढ्या वेळा येतो की, दस्तातील ही दोन वाक्ये किमतीइतकीच मोलाची मानावीत. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो दुय्यम निबंधकाकडे सादर करावा लागतो. नोंदणीनंतर सूची क्रमांक २ मिळते, ई-फेरफार प्रणालीतून माहिती तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) जाते, नोटीस निघते आणि पंधरा दिवसांत हरकत न आल्यास फेरफार प्रमाणित होण्यासाठी पुढे जातो.

पैशांच्या देवाणघेवाणीवर आयकर अधिनियम, १९६१ ची बंधने आली. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही. मालमत्तेचे मूल्य ५० लाख रुपये किंवा अधिक असल्यास खरेदीदाराने १ टक्का कर कापून भरावा लागतो. ग्रामीण शेतजमिनीला हा नियम लागू नाही.

अन्य देशांतील पद्धत

स्वतःच्या व्यवहारासाठी परवाना काढण्याची कल्पना मुख्यतः अमेरिकेतून आली. तेथे प्रत्येक राज्य दलालांना स्वतंत्र परवाना देते. स्वतःचे घर विकणाऱ्यास तेथेही सामान्यतः परवाना लागत नाही. परंतु विक्रीस असलेल्या घरांच्या सामाईक सूचीत प्रवेश मिळावा आणि खरेदीच्या बाजूची दलाली वाचावी म्हणून काही गुंतवणूकदार तो घेतात. नवख्या परवानाधारकास बहुतेक राज्यांत एखाद्या परवानाधारक ब्रोकरच्या हाताखाली काम करावे लागते, आणि दलालीही त्याच्यामार्फतच मिळते. स्वतःसाठी व्यवहार करताना आपण परवानाधारक असल्याचे समोरच्यास सांगण्याची अटही अनेक राज्यांत आहे. भारतात विक्रीस असलेल्या मालमत्तांची अशी सर्वमान्य सामाईक सूची नाही. महारेराच्या संकेतस्थळावरील प्रकल्पांची माहिती कोणासही विनामूल्य पाहता येते आणि त्यासाठी अभिकर्ता असण्याची गरज नसते.